बंबाची जाळी सारखी का जळते? पाच वर्षांत चार जाळ्या घातल्यावर कळलेलं

आधी लक्षण सांगतो, तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढे वाचा. पहाटे आंघोळीचं पाणी तापवायचा बंब पेटवला, तासाभराने खालचं राखेचं दार उघडलं तर निखारे सगळे खाली पडलेले, वर जाळ नाही, पाणी कोमट, आणि बंब गार झाल्यावर जाळी बाहेर काढली तर मधोमध परातीसारखी खोल गेलेली किंवा दोन सळ्या जळून गायब. नवीन जाळी घातली, तीन-चार महिने बरं चाललं, परत तेच.

आमचा बंब तांब्याचा, ८० लिटरचा, बाबांनी १९९६ ला पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला. मधल्या नळकांड्याचा (आत आग, भोवती पाणी) व्यास साधारण २९ सेंटीमीटर, लाकूड वरून टाकायचं, तळाला बिडाची (ओतीव लोखंडाची) गोल जाळी, तिच्याखाली वीतभर राखेची जागा. घर गुहागरच्या बाजूला, समुद्र दहा मिनिटांवर. आतल्या नळकांड्याला तीन कान रिव्हेट केलेले आहेत, त्या कानांवर जाळी नुसती ठेवलेली असते, कुठेही जोडलेली नसते, आणि हे फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतोच.

ती मूळ जाळी २२ वर्षं टिकली. २०१८ ला आम्ही चार खोल्यांचा होमस्टे सुरू केला, सोलर लावायचं ठरत होतं पण माडांची सावली एवढी की पॅनेलवाला बघून हसला, म्हणून पाहुण्यांच्या आंघोळीलाही बंबच. आणि त्याच वर्षी दिवाळीत जाळीचे दोन तुकडे झाले. मी म्हटलं ठीक आहे, २२ वर्षं झाली, आता वापरही वाढलाय, बदलू.

तिथून माझा पाच वर्षांचा मूर्खपणा सुरू होतो.

पहिली जाळी मी स्वतः केली. घरचं काम चालू होतं, ८ मिलीची टोरची (स्लॅबला घालतात ती) सळई पडलेली, वेल्डर आलेलाच होता, त्याला म्हटलं भाऊ गोल करून आडव्या उभ्या सळ्या मार. अर्ध्या तासात जाळी तयार, मी खूश. दोन महिने. काढली तेव्हा सळ्या पेन्सिलीएवढ्या उरलेल्या आणि हातात धरून चोळलं की काळ्या खपल्या पडत होत्या, जसे पापडाचे पदर सुटतात तसे. साधं लोखंड ५५०-६०० डिग्रीच्या वर गेलं की हवेतला ऑक्सिजन खाऊन त्याच्या खपल्या होत राहतात, खपली पडली की खालचं ताजं लोखंड उघडं, परत खपली. बारीक सळईला तेवढं खायला किती वेळ लागणार.

मग डोकं चालवलं की जाड घेऊ. १० मिलीची प्लेट गोल कापून घेतली, तिला ड्रिलने भोकं पाडली, वजन चांगलं चार-पाच किलो. ही जळली नाही, ही वाकली. एका सीझनमध्ये मधोमध चांगली दोन बोटं खाली. कारण नंतर समजलं, बंबात जाळीची कड तांब्याच्या भिंतीजवळ असते, त्या भिंतीमागे पाणी आहे, म्हणजे कड गार राहते, आणि मध्य लालभडक. मध्य फुगायला बघतो, कड जागा देत नाही, मग तो जाणार कुठे, खाली. सलग प्लेटला नुसती गोल भोकं पाडून उपयोग नाही, लांब खाचा पाहिजेत म्हणजे एकेक पट्टी आपापली लांब-आखूड होऊ शकते. जुन्या बिडाच्या जाळ्या बघा, सगळ्यांना खाचाच असतात. ते लोक येडे नव्हते.

मध्ये २०२०, पाहुणे नाहीत, बंब फक्त घरापुरता, वाकडी जाळीच चालवली.

२०२१ ला पैसे खर्च केले. स्टेनलेस. फॅब्रिकेटरने १२ मिलीचे रॉड गोल पट्टीला दोन्ही टोकांना वेल्ड करून अशी सुंदर जाळी करून दिली की बंबात घालायला जीव होईना. म्हणाला ३०४ जातीचं स्टेनलेस आहे, लाइफटाइम. मी चुंबक लावून बघितला, चिकटला नाही, म्हटलं खरं बोलतोय. इथे एक सांगून ठेवतो, चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ असं अजिबात नाही, रेलिंगला वापरतात ते २०२ पण चिकटत नाही. माझं नक्की कुठलं होतं देव जाणे. पण समजा ३०४ असतं तरी ते वाकलंच असतं, कारण स्टेनलेस तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दीडपट वाढतं. २९ सेंटीमीटरचा रॉड ६०० डिग्री वाढला की बिडाचा साधारण २ मिली वाढतो आणि ३०४ चा ३ मिलीच्या वर. दोन्ही टोकं वेल्ड करून बांधलेली, मग रॉड धनुष्यासारखे झाले, काही वर काही खाली, आणि जिथे फट मोठी झाली तिथून निखारे पडायला लागले. स्टेनलेसच करायची असेल तर रॉडचं एकच टोक वेल्ड करा, दुसरं टोक पट्टीला पाडलेल्या मोठ्या भोकात मोकळं ठेवा. हे फॅब्रिकेटर स्वतःहून करत नाहीत, त्यांना ते अर्धवट काम वाटतं, उभं राहून करून घ्यावं लागतं.

एव्हाना तुम्ही म्हणाल सरळ बिडाचीच का नाही घातली. बरोबर आहे. पण आमच्याकडे मिळतात त्या शेगडीच्या बिडाच्या जाळ्या, आठ इंची, नऊ इंची, फार तर दहा. लहान घरगुती बंबाला त्या मस्त बसतात, तुमचं नळकांडं त्या मापाचं असेल तर बोहऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जा, दोन घेऊन या, एक घाला, एक ठेवा, पण पुढचं राखेचं वाचल्याशिवाय घालू नका. माझ्या मापाची तयार मिळेना.

आता मुद्द्याचं.

२०२३ च्या मे महिन्यात एकदा लाइट गेलेली, पहाटे साडेचार, मी बंबाजवळ बसलोय, अंधार गुडुप. सहज राखेचं दार उघडून आत वाकून बघितलं तर जाळी खालून लाल. नुसती लालसर नाही, चांगली पिकलेल्या चेरीसारखी. लोखंड अंधारात जेमतेम लाल दिसायला लागतं तेच सव्वापाचशे डिग्रीच्या आसपास, आणि असा लाल म्हणजे सातशेच्या पुढे. मला वाटायचं आगीवर ठेवलंय तर लाल होणारच. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, तीही वाकली आणि म्हणाली, "अरे राख केवढी साठल्ये. काढतोस की नाही?"

मी म्हटलं काढतो की, आठवड्यातून एकदा.

"आठवड्यातून? आम्ही रोज काढायचो."

"रोज? कशाला?"

"कशाला म्हणजे? भांडी कशाने घासायची?"

मी चहा प्यायलो आणि मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे होमस्टे सुरू होईपर्यंत आई राखेनेच भांडी घासायची, म्हणजे रोज सकाळी बंबाखालची राख चाळून डब्यात. उरलेली अळवात, माडांच्या बुंध्याला, वालाच्या बियाणात. राख शिल्लकच राहायची नाही. २०१८ ला पाहुण्यांसाठी भांड्यांचा लिक्विड साबण आला, मदतीला ताई आल्या, राखेचं गिऱ्हाईक संपलं. आणि त्याच वर्षी जाळीला ग्रहण लागलं. मी पाच वर्षं पोलादाच्या जाती शोधत बसलो होतो.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या कारण सगळं निवारण यातच आहे. जाळीवर निखारे असतात त्यांची उष्णता जाळीला रोज मिळणारच, ती कमी करता येत नाही. जाळीला गार ठेवतो तो खालून वर जाणारा वारा. खालच्या दारातून थंड हवा येते, सळ्यांना घासून वर जाते, स्वतः गरम होते आणि निखाऱ्याला मिळते. राख साठून जाळीच्या जवळ आली की एक तर हवेची वाट बुजते आणि दुसरं म्हणजे राखेत पडलेले निखारे खालूनही भाजतात, राख गरम गोधडीसारखी उष्णता धरून ठेवते. दोन्हीकडून शेक, वारा बंद. अशात टोर काय, स्टेनलेस काय आणि बीड काय, कुणीच उभं राहत नाही. बीड पण अशा तापात वर्षानुवर्षं राहिलं की आतल्या आत फुगतं, आकाराने वाढतं, ठिसूळ होतं आणि एक दिवस काठीच्या टोल्याने तुकडा पडतो.

म्हणून तपासणी पहिली ही करा, नवीन जाळी आणायच्या आधी. रात्री लाइट घालवा, बंब जोरात असताना राखेच्या दारातून जाळी खालून बघा. वाकता येत नसेल तर मोबाइल दाराशी धरून फोटो काढा, पण आत घालू नका, माझ्या भाच्याने घातला होता. जाळी खालून काळी दिसली किंवा फार तर मध्ये अंधुक लाल, तर ठीक. चांगली लाल दिसली तर राख काढा, दार पूर्ण उघडा, पंधरा मिनिटांनी परत बघा. काळवंडली तर रोग सापडला.

राख काढूनही लालच राहत असेल तर इंधन बघा. आमच्याकडे सगळ्यात वाईट सवय म्हणजे करवंट्या. फुकट असतात, जाळही झकास, पाणी दहा मिनिटं आधी तापतं, पण करवंटीचा निखारा कोळशासारखा कडक आणि जाळीला चिकटून बसतो. मूठभर पेटवायला ठीक, घमेलंभर नको. सोडणांची (नारळाच्या वरच्या सालींची) गोष्ट वेगळी आहे. नारळाच्या सोडणात पोटॅशचे क्षार भरपूर आणि क्लोराइडही, त्याची राख तापलेल्या लोखंडाला खाते. त्यात आमची सोडणं अंगणात वाळूत पडलेली, म्हणजे वाळूसकट बंबात. वाळू आणि राखेतला क्षार कडक आगीत एकत्र आले की काय होतं? काच. खरोखर काच, हिरवट काळी, जाळीच्या खाचांत ओघळून बसते आणि गार झाल्यावर छिन्नीशिवाय निघत नाही. तुमच्या जाळीवर असे चकचकीत गोळे असतील तर सोडणं आधी झटका, पावसात एकदा भिजून वाळलेली असतील तर अजून चांगलं कारण क्षार बराचसा धुऊन जातो. समुद्रावर वाहून आलेली लाकडं तर बंबात नकोच, ती मिठाने भरलेली असतात.

ओलं लाकूड जाळी जाळत नाही पण दुसरा त्रास देतं. नीट वाळलेलं आंब्याचं किंवा ऐनाचं लाकूड असेल तर आमच्या ८० लिटरला ३ किलोच्या आसपास पुरतं, मी काजूच्या काट्यावर मोजून बघितलंय. तेच यंदा तोडलेलं असेल तर दुप्पट टाकूनही पाणी धड तापत नाही, मग माणूस काठीने ढोसत बसतो. आणि ढोसणं हा जाळीचा दुसरा शत्रू. लाल असताना सळई मऊ असते, वरून पहारीने दणका दिला की ती वाकणार. खालून हलकेच आकड्याने खाच मोकळी करा, वरून ठोकू नका.

तिसरा शत्रू पाणी. पाहुणे गेले, निखारे विझवायचे म्हणून तांब्याभर पाणी वरून ओतायचं ही आमच्याकडची सर्रास पद्धत. लाल बिडावर थंड पाणी म्हणजे तडा, आज नाही गेला तर पुढच्या वेळी. शिवाय ओली राख जाळीला लगद्यासारखी चिकटते, ते राखेतल्या क्षाराचं पाणी रात्रभर गंज चढवतं. विझवायचं असेल तर खालचं दार बंद करा, वर झाकण टाका, आपोआप विझतं. आणि पावसाळ्यात बंब बंद ठेवणार असाल तर राख पूर्ण काढून जाळी बाहेर कोरड्यात ठेवा. राख हवेतलं पाणी ओढते, आमच्यासारख्या खाऱ्या हवेत जाळी राखेत पुरून ठेवली तर जून ते सप्टेंबर बंब न पेटवताच ती निम्मी खलास.

आता समजा कारण सापडलं आणि जाळी बदलायचीच आहे, तर मी चौथी कशी केली ते सांगतो. ही अजून आहे.

जुनी बिडाची जाळी आईने गोठ्यात दगडाखाली ठेवली होती, दोन तुकडे. वेल्ड करून वापरायचा विचार मीही केला, वेल्डर तयारही होता, पण बीड साध्या रॉडने वेल्ड केलं की गार होताना शेजारीच तडकतं, निकेलच्या रॉडने नीट होतं पण तो रॉड महाग आणि रोजच्या आगीत तो सांधा टिकेल याची खात्री मला कुणी देईना. पितळ भरून जोडणं तर बंबाच्या निखाऱ्यात विसराच. म्हणून जोडायची नाही, साचा म्हणून वापरायची, म्हणजे वाळूत तिचा ठसा घेऊन तशीच नवी ओतायची. दोन तुकडे प्लायवर नीट जुळवून चिकटवले, झिजलेल्या जागा गाड्यांच्या डेंटिंगची लांबी (पुटी) असते ना ती भरून पॉलिश पेपरने घासल्या, आणि कोल्हापूरला काही कामासाठी जाणार होतोच तेव्हा शिरोलीच्या एका लहान फौंड्रीत घेऊन गेलो.

तिथल्या मास्तरांनी हातात घेऊन आधी उलटसुलट बघितली. "कुठल्या बाजूने वर ठेवायचा वो ही?" म्हटलं सपाट बाजू वर. "पट्ट्या बघा," म्हणाले, आणि बोट फिरवलं. पट्टी वर रुंद, खाली निमुळती. मला वाटायचं ते साच्यातून सुटायला असतं, ते असतंच, पण त्यात दुसरा फायदा असा की खाच वर अरुंद आणि खाली मोठी होत जाते, म्हणजे वरून जो कण आत शिरला तो अडकत नाही, सरळ खाली पडतो. मी टोरच्या आणि रॉडच्या जाळ्यांत हे कुठे बघितलं होतं. (आणि खरं सांगायचं तर नवीन जाळी घरी आणल्यावर पहिल्यांदा मी ती उलटीच घातली. दोन दिवसांत प्रत्येक खाचेत एकेक निखारा पाचरीसारखा बसलेला.)

दुसरं त्यांनी सांगितलं ते मापाचं. ओतलेलं बीड गार होताना शेकडा एक आकसतं. माझा साचा २९० मिली, म्हणजे जाळी येणार २८७. मी घाबरलो, म्हटलं मोठा साचा करायला हवा होता. ते म्हणाले बंबाचं आतलं माप किती? मी पुठ्ठ्याचा गोल कापून आणला होता, तो २९२ च्या पुढे जात नव्हता, कारण जुनं नळकांडं गोल राहत नाही, आमचं एका बाजूने २९६ आणि दुसऱ्या बाजूने २९२ भरलं. मग बरोबर आहे की, म्हणाले, तापल्यावर दोन मिली वाढणार, तरी दोन्ही बाजूंना फट राहते. पहिल्यांदाच कुणीतरी फट राहिली म्हणून खूश झालेला मी बघितला. तर माप घेताना तीन-चार दिशांनी घ्या, सगळ्यात लहान माप धरा, आणि गार असताना दोन्ही बाजूंना दोन-अडीच मिली मोकळं राहील असं करा. घट्ट बसली म्हणजे छान बसली असं बंबात नसतं. घट्ट जाळी तापली की एक तर स्वतः मोडते किंवा तांब्याची भिंत ढकलते, आणि तांबं मऊ असतं.

त्यांनी दुसऱ्या कुणाच्या कामाच्या वाळूच्या पेटीत कोपऱ्यात माझा एक नग बसवला, किलोवर पैसे घेतले, पाच किलोच्या आसपास भरली. एका नगासाठी मोठी फौंड्री उभी करणार नाही, लहान शोधा आणि साचा तयार घेऊन जा, तोंडी माप सांगून काम होत नाही.

घरी आल्यावर कळलं की तीन कानांपैकी एक जळून अर्धा झालाय, जाळी तिरकी बसत्ये. गावातला वेल्डर म्हणाला दोन मिनिटांचं काम, आत टॅक मारतो. इथे मी हात जोडून सांगतो, बंबाच्या आत वेल्डिंग करू देऊ नका. त्या भिंतीमागे पाण्याची जागा आहे, आणि बंबाचे जोड कथलाच्या डागाचे (सोल्डरचे) असतील तर कथिल २३२ डिग्रीला वितळतं. आत वेल्डिंगची ठिणगी पडायची आणि बाहेर तळाशी डाग सुटायचा. याच कारणाने बंब पाणी भरल्याशिवाय कधीच पेटवायचा नाही, नुसती जाळी टेस्ट करायला म्हणूनही नाही. पाणी आहे तोवर भिंत शंभरीच्या फार पुढे जात नाही, पाणी संपलं की पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं.

मग कानांचा नादच सोडला आणि तिवई केली. २५ मिलीच्या पट्टीची गोल कडी, व्यास २७० मिली, तिला अँगलचे तीन पाय, उंची कानांएवढीच, सगळं साध्या लोखंडाचं. ती तळावर नुसती उभी, तिच्यावर जाळी नुसती ठेवलेली. कशालाही काही जोडलेलं नाही. ही साध्या लोखंडाची का चालते तर ती जाळीच्या खाली वाऱ्यात आहे, निखारा तिला थेट लागत नाही. खराब झालीच तर थोडक्या पैशांत दुसरी. एक मात्र, अँगल किंवा पट्टी गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका, गंजत नाही म्हणून मोह होतो, पण जस्त आगीत टिकत नाही आणि वेल्ड करताना जो पांढरा धूर येतो त्याने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

नवीन बिडाला पहिले दोन-तीन दिवस बारीक जाळ द्या, काटक्यांचा, एकदम ओंडका नको. आणि जाळीवर बोटभर राख मुद्दाम राहू द्या, खाली राख नको पण वर थोडी हवी, ती पांघरुणासारखी असते, निखारा थेट सळईवर बसत नाही. आई हे न सांगता करायची, सगळी राख कधीच खरवडून काढायची नाही.

खालच्या राखेसाठी मी आता तिवईच्या एका पायावर ऑइलपेंटने पांढरी रेघ मारल्ये, जाळीपासून चार बोटं खाली. राख त्या रेघेला लागली की काढायची, मग सकाळ असो की दुपार. मदतीच्या ताईंना "राख काढा" सांगून सहा महिने फरक पडला नव्हता, रेघ दाखवल्यावर पहिल्या दिवसापासून पडला. काढलेली राख पत्र्याच्याच घमेल्यात, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. आमच्या बादलीचा बूड असाच गेला आणि शेजारी सुक्या चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) ढीग होता, थोडक्यात वाचलो. गार झाली की माडांना घाला. रोपांच्या अगदी खोडाशी जास्त नको.

अजून एक, विषय जाळीचा नाही पण बंब उघडलाच आहे तर. निखारे खाली पडून धुमसत असले की धूर कमी आणि विषारी वायू जास्त, त्याला वास नसतो. बंब बंद न्हाणीघरात असेल तर आधी तो पडवीत किंवा बाहेर आणा, किंवा वर-खाली दोन्हीकडे झरोका ठेवा. आमचा आजोबांच्या काळातल्या न्हाणीघरात होता, तिथे कौलांतूनच वारा यायचा म्हणून चाललं, आता स्लॅब आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्यावर ते चालणार नाही. आणि पाण्याच्या बाजूचं वरचं तोंड कधी बुच मारून बंद करू नका, बंब म्हणजे कुकर नाही.

चौथी जाळी दिवाळी २०२३ ला बसली. दोन सीझन पूर्ण झाले. तेव्हा मे अखेरीला काढून उलटी करून फुटपट्टी आडवी धरली तर मध्ये दीड मिली खोल, तडा नाही, एका पट्टीच्या टोकाला जरा झीज आहे, तीही जिथे ताई करवंट्या टाकतात त्याच बाजूला. करवंट्यांचं अजून जमलं नाहीये. साचा माळ्यावर टांगून ठेवलाय, आणि आईने त्याला पण राख फासून ठेवल्ये, वाळवी लागू नये म्हणून.